दादासाहेब फाळके: लेयर आणि मास्क हाताने करणारा माणूस



लग्नसराई संपत आली की यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी इथल्या फोटो स्टुडिओंमध्ये खरं काम सुरू होतं. शूटिंग झालेलं असतं, आता अल्बमची शीटं लावायची असतात. बारा बाय छत्तीसची शीट, मागे फुलांची बॅकग्राउंड, मध्ये नवरा-नवरीचा कटआउट, कोपऱ्यात हळदीचे चार छोटे फोटो, वर सोनेरी अक्षरात नावं. डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात ते याचंच घरगुती भावंड. पूर्वी वहीत फोटो चिकटवायचे, शेजारी लग्नपत्रिकेचा तुकडा, एखादं सुकलेलं फूल, बसचं तिकीट. आता तेच स्क्रीनवर करतात, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या लेयरवर ठेवतात.

या साइटवर आपण लेयर, मास्क, ब्लेंड मोड यांच्याबद्दल आधी वाचलं आहे. आज टूल बाजूला ठेवून एका माणसाचं आयुष्य बघू. ही सगळी कामं त्याने कॉम्प्युटर नसताना, काच, दगड, रसायन आणि काळ्या कापडाने केली. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब. त्यांचं नाव घेतलं की आपल्याला राजा हरिश्चंद्र आठवतो आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार आठवतो. पण सिनेमा त्यांच्या आयुष्यात आला तेव्हा ते चाळिशीत होते. त्याआधीची वीसेक वर्षं ते स्थिर फोटो, ब्लॉक आणि छपाई यातच होते. माझ्या मते ती वर्षं समजल्याशिवाय त्यांचा सिनेमा समजत नाही, आणि चरित्रात मात्र ती दोन पानांत उरकतात.

त्र्यंबक ते बडोदा

जन्म ३० एप्रिल १८७०, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत शिकवण्याची नोकरी मिळाली म्हणून कुटुंब मुंबईला आलं. घरात पोथ्या-पुराणं, आणि मुलाला नाद चित्रं काढायचा. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. कलाभवन म्हणजे नुसती चित्रशाळा नव्हती. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातली ती तंत्रशाळा होती, आणि तिचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे माणूस. म्हणजे एकाच छताखाली चित्रकला, शिल्प, वास्तुकला आणि प्रयोगशाळा. आजच्या भाषेत सांगायचं तर डिझाइन कॉलेज आणि इंजिनिअरिंग कॉलेज एकत्र. (आमच्या कॉलेजात चित्र काढणारा मुलगा म्हणजे फक्त गॅदरिंगचं बॅनर करणारा, एवढीच त्याची किंमत होती.)

१८९० मध्ये फाळक्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. योगायोग असा की फोटोशॉपची पहिली आवृत्ती बरोबर शंभर वर्षांनी, १९९० मध्ये आली.

तेव्हाचा फोटो म्हणजे काचेची प्लेट. एका बाजूला चांदीच्या क्षारांचा थर. प्रकाश पडला की तो थर बदलतो, मग अंधाऱ्या खोलीत डेव्हलप करायचं, फिक्स करायचं, धुवायचं. निगेटिव्ह हातात आली की त्यावर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग व्हायचं. चेहऱ्यावरचा डाग, डोळ्याखालचं काळं, सगळं काचेवर हाताने झाकायचं. प्रिंट काढताना एखादा भाग जास्त काळा पडत असेल तर त्यावर हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा धरून प्रकाश अडवायचा, आणि फिका राहत असेल तर तेवढ्याच भागाला जास्त वेळ प्रकाश द्यायचा. फोटोशॉपमधले डॉज आणि बर्न हे दोन टूल म्हणजे हेच. म्हणून तर डॉजच्या आयकॉनमध्ये काठीला लावलेली टिकली आहे आणि बर्नच्या आयकॉनमध्ये मूठ वळलेला हात. डार्करूम गेली, पण हात तिथेच राहिला.

रतलामचे तीन रंग

गज्जरांनी या हुशार विद्यार्थ्याला रतलामला पाठवलं, तीन रंगांचे ब्लॉक करायला शिकण्यासाठी. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण अल्बम प्रिंटिंगला गेल्यावर रंग का बदलतात, या रोजच्या डोकेदुखीचं मूळ इथे आहे.

छपाईच्या शाईने फिकट आणि गडद छटा थेट काढता येत नाही. शाई एकतर लागते किंवा लागत नाही. मग करडा रंग कसा दाखवायचा? युक्ती अशी, की चित्राचे ठिपके करायचे. गडद जागी मोठे ठिपके, फिक्या जागी बारीक. लांबून बघितलं की डोळा त्यांची छटा करून घेतो. वर्तमानपत्रातला फोटो मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा, ठिपके दिसतील. हे ठिपके पाडायला कॅमेऱ्यात प्लेटच्या पुढे बारीक आडव्या-उभ्या रेघांची काच बसवत.

रंगीत चित्रासाठी हेच तीनदा करायचं. तेच चित्र लाल काचेतून, हिरव्या काचेतून आणि निळ्या काचेतून टिपायचं. लाल काचेतून आलेल्या निगेटिव्हवरून निळसर शाईचा ब्लॉक, हिरवीतून गुलाबी शाईचा, निळीतून पिवळ्याचा. मग एकच कागद तीन वेळा छपाईला घालायचा. दरवेळी ठिपक्यांच्या रेघा वेगळ्या कोनात फिरवायच्या, नाहीतर चित्रावर नको ती जाळी उमटते. आणि तिन्ही ब्लॉक केसभरही सरकता कामा नयेत. सरकले तर ओठाचा लाल रंग हनुवटीवर येतो.

आता फोटोशॉपमध्ये चॅनल्सचं पॅनल उघडा आणि फाइल सीएमवायके मोडमध्ये न्या. तिथे जे वेगवेगळे करडे फोटो दिसतात, ते म्हणजे हे ब्लॉक. काळ्या शाईचा चौथा धरून चार. आपण मेन्यूतून एक ओळ निवडतो आणि अर्ध्या सेकंदात होतं. फाळक्यांच्या वेळी यासाठी फोटोग्राफर, केमिस्ट आणि धातूवर ॲसिडने कोरणारा कारागीर अशा तिघांचं ज्ञान लागायचं, आणि ते तिन्ही झाले.

गोध्रा, प्लेग आणि प्रोफेसर केल्फा

शिकून झाल्यावर गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. धंदा बरा चालला होता. एकोणिसावं शतक संपता संपता प्लेग आला आणि त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. गोध्रा सुटलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ टाकला तर गिऱ्हाईकच येईना. कॅमेऱ्यासमोर बसलं की अंगातली शक्ती जाते, माणूस लवकर मरतो, असा समज लोकांत पसरलेला. प्लेगने घरं रिकामी होत असताना असा समज पसरायला वेळ लागत नाही. फाळक्यांनी मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचं काम घेतलं, आणि त्यातून नाटकाची मांडणी, वेशभूषा, रंगभूषा शिकले.

याच सुमारास एका परदेशी जादूगाराकडून ते जादू शिकले आणि स्वतःचे प्रयोग करू लागले. नाव घेतलं प्रोफेसर केल्फा. फाळके हा शब्द उलटसुलट करून बघा, हिशोब लागेल.

जादूचा फोटो एडिटिंगशी काय संबंध, असं वाटेल. भरपूर आहे. स्टेजवरच्या जादूत त्या काळी एक प्रसिद्ध प्रकार होता. मागे पूर्ण काळं मखमली कापड लावायचं आणि प्रकाश प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येईल असा ठेवायचा. काळ्या कपड्यातला माणूस त्या पार्श्वभूमीवर दिसतच नाही. त्याने पांढरा फुलदाणीसारखा पदार्थ उचलला की तो हवेत तरंगताना दिसतो. काळं म्हणजे नाही. आपल्या लेयर मास्कचा नियम हाच आहे: काळा रंग लपवतो, पांढरा दाखवतो.

दगडांचे लेयर

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं सासरचं नाव सरस्वती. पुढच्या वर्षी सरकारी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. पगाराची, पक्की नोकरी. पुढे स्वदेशीची हवा आली, आणि दोन-तीन वर्षांत त्यांनी ती सोडून दिली. घरी काय बोलणी झाली असतील ते कुठल्याही मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला सांगायला नको.

ते लोणावळ्याला गेले. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांनी सुरू केलेला छापखाना होता, तोवर एका जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झालेला. त्या छापखान्यासाठी फाळके फोटोलिथोचे ट्रान्सफर करून देऊ लागले. पुढे स्वतःचं एनग्रेव्हिंग आणि प्रिंटिंगचं वर्कशॉप काढलं.

आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत, देवघराच्या भिंतीवर काळपट चौकटीतली लक्ष्मी किंवा सरस्वती बघितली असेल. ती बहुतेक अशाच छापखान्यांतून निघालेली किंवा तिची नक्कल असते. ही चित्रं छापायची पद्धत म्हणजे लेयरचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. छपाई दगडावर व्हायची. चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाईने चित्र, मग दगड ओला करायचा. पाणी तेलकट जागी थांबत नाही आणि शाई ओल्या जागी लागत नाही. एका दगडावर एकच रंग. लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी वेगळ्या दगडावर, सावलीचा तपकिरी वेगळ्यावर, दागिन्यांचा पिवळा आणखी वेगळ्यावर. एका चित्राला डझनभर किंवा त्याहून जास्त दगड लागायचे, आणि कुठला आधी, कुठला नंतर, याचा क्रम ठरलेला असायचा. लेयर पॅनलमध्ये आपण खालचा वर ओढतो आणि चित्र बदलतं, तसंच. फक्त इथे लेयर उचलायला दोन माणसं लागायची.

फाळक्यांचं काम या साखळीत असं होतं: फोटोच्या निगेटिव्हवरून प्रकाशाला संवेदनशील अशा सरसाच्या कागदावर चित्र उतरवायचं, त्याला शाई लावायची आणि तो कागद दगडावर दाबायचा. फोटो आणि दगड यांच्यामधला पूल. आपण ज्याला फाइल कन्व्हर्ट करणं म्हणतो ते.

एक गंमत सांगतो. हे छापील लक्ष्मी-सरस्वतीचे कागद घरी आल्यावर बायका त्यांना सजवत. साडीच्या जागी खरं रेशीम कापून चिकटवायचं, काठाला जर, मुकुटाला टिकल्या आणि मणी. असे सजवलेले नमुने आज संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. छापील टेम्प्लेट बाजारातून, सजावट आपली. स्क्रॅपबुक याहून वेगळं काय असतं?

पुढे फाळके मुंबईला आले, भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभं राहिलं. १९०९ मध्ये ते रंगीत छपाईची यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचं नाव झालं. पण भागीदाराशी छापखाना चालवण्यावरून बिनसलं आणि १९११ मध्ये फाळके बाहेर पडले. यंत्रं भागीदाराकडे राहिली. चाळिशी उलटलेला माणूस, घरात बायको-मुलं, हातात काम नाही, आणि पुढे काही काळ दिसेनासंही झालं. उपचारांनी दृष्टी परत आली.

वाटाण्याचं रोप

त्याच वर्षी गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि कृष्णाचा, रामाचा असाच चित्रपट करायचं डोक्यात घेतलं. हा प्रसंग सगळ्यांनी शंभरदा वाचलाय, मी पुन्हा रंगवत नाही. मला त्यापुढचा भाग जास्त आवडतो. ते सतत सिनेमे बघत राहिले, घरी आणलेल्या छोट्या कॅमेऱ्यावर आणि फिल्मच्या तुकड्यांवर प्रयोग करत राहिले. विमा पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. ओळखदेख नसताना एका सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, त्याच्यामार्फत सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ बघितला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, आणि १ एप्रिलला परत.

सिनेमासाठी पैसे देणारा सावकार पटवायचा होता. त्याला काय दाखवायचं? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर एका जागी पक्का केला आणि दिवसामागून दिवस थोडी थोडी फ्रेम टिपत राहिले, महिन्याहून जास्त काळ. पडद्यावर लावलं तेव्हा अंकुर मातीतून वर येऊन बघता बघता वेल झाला. आपल्या मोबाइलमधला टाइमलॅप्स तोच. पण मोबाइलमध्ये प्रकाश सेट करायला सॉफ्टवेअर आहे. तिथे रोज तोच प्रकाश, तीच जागा, आणि कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागता कामा नये, हे सगळं मुलंबाळं असलेल्या घरात सांभाळायचं होतं. हे बघून पैसे मिळाले. तरी पुरले नाहीत, आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

सरस्वतीबाईंबद्दल लिहायलाच हवं. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली येई. भोकं आपणच पाडायची, तीही अंधारात, कारण प्रकाश लागला की फिल्म वाया. हे काम त्या रात्री करत. इंजिनिअरच्या सवयीने मी हिशोब करून पाहिला. राजा हरिश्चंद्र साधारण ३,७०० फुटांचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ५९,२०० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना मिळून आठ भोकं. एकूण ४,७३,६०० भोकं, तीही फक्त अंतिम लांबीची. वाया गेलेली फिल्म आणि प्रिंट वेगळ्या. एक भोक चुकलं तर फिल्म कॅमेऱ्यात अडकते किंवा चित्र पडद्यावर उड्या मारतं. शिवाय डेव्हलपिंगची रसायनं मिसळणं, शूटिंगला पांढरी चादर ताणून प्रकाश परतवणं, आणि युनिटच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या कामाला रकाना नव्हता.

२१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लागला. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा.

कंसाचं डोकं

आता मास्ककडे येऊ. १९१८ च्या श्रीकृष्ण जन्ममध्ये कंसाला भीतीने भास होतो की आपलं डोकं धडावेगळं होऊन वर तरंगत चाललंय. पडद्यावर ते खरोखर तसं दिसतं. लोक जागेवरून उठून बघत असतील.

अशी दृश्यं त्या काळी कॅमेऱ्यातच तयार व्हायची. तत्त्व सोपं आहे: फिल्मवर काळी जागा म्हणजे प्रकाशच न पडलेली जागा, तिथे नंतर दुसरं चित्र टिपता येतं. पहिल्या फेरीत नटाचं डोकं काळ्या कापडाने झाकून फक्त धड टिपायचं, मागेही अंधार. मग फिल्म उलटी गुंडाळून बरोबर सुरुवातीच्या जागी आणायची. दुसऱ्या फेरीत सगळं अंग काळ्या कापडात आणि फक्त चेहऱ्यावर उजेड. त्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम सरकत, म्हणून फेरे मोजायचे. मोजायला चुकलात तर डोकं धडाच्या आधीच निघून जातं. आणि चुकलं की नाही, हे फिल्म धुतल्यावरच कळणार. कंट्रोल-झेड नावाची सोय नाही.

याचा डिजिटल अवतार म्हणजे स्क्रीन हा ब्लेंड मोड. वरच्या लेयरवर काळ्या पार्श्वभूमीवरची आतषबाजी ठेवा, मोड स्क्रीन करा. काळं गायब होतं आणि फक्त ठिणग्या राहतात. लग्नाच्या शीटवर जे चमकणारे तारे टाकतात ते असेच.

घरी करून बघायचं असेल तर मोबाइल ट्रायपॉडवर, नसेल तर विटेला टेकवून, पक्का ठेवा. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. मुलाला अंगणात तीन वेगवेगळ्या जागी उभं करून तीन फोटो काढा. फोटोशॉप, गिंप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी, कशातही तिन्ही फोटो एकावर एक लेयर म्हणून ठेवा. वरच्या दोन लेयरना मास्क लावा, आणि काळ्या ब्रशने त्या मास्कवर मूल सोडून बाकी सगळं झाका. एका अंगणात तीच तीन मुलं दिसतील. सावल्या एकमेकांवर येत नाहीत ना, एवढं बघा. खोडरबर वापरू नका. मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की गेलेलं परत येतं, खोडलेलं येत नाही.

१९१९ च्या कालियामर्दनमध्ये कृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं. चित्रपटाच्या सुरुवातीला ती फक्त चेहऱ्याने वेगवेगळे भाव करून दाखवते. हा तुकडा आज बघितला तरी बापाने काढलेला मुलीचा फोटो अल्बम बघतोय असं वाटतं.

नंतर

लंकादहन १९१७ मध्ये तुफान चालला. १९१८ च्या सुरुवातीला भांडवलदारांना घेऊन नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि पुन्हा भागीदारांशी खटके उडाले. छापखान्याचीच गोष्ट परत. फाळके राजीनामा देऊन काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, १९२२ मध्ये परत आले. चित्रपट करत राहिले, पण पूर्वीचा जोर राहिला नाही. मार्च १९३१ मध्ये आलम आरा आला आणि सिनेमा बोलू लागला. फाळक्यांनी जे काही कमावलं होतं ते डोळ्यांसाठी होतं: प्रकाश, रसायन, पडदा, युक्ती. आता लोकांना गाणी आणि संवाद हवे होते. सेतुबंधन मूकपट म्हणून केला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापुरात गंगावतरण हा बोलपट त्यांनी केला, तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

त्यांच्या चित्रपटांपैकी फार थोडे तुकडे उरलेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची होती. पटकन पेट घेणारी, आणि नाही पेटली तर डब्यातल्या डब्यात चिकट होऊन भुगा होणारी. राजा हरिश्चंद्रची पहिली आणि शेवटची रीळं तेवढी हाती आहेत. आणि गोम अशी की १९१७ मध्ये फाळक्यांनी तोच चित्रपट पुन्हा केला होता. त्यामुळे उरलेली रीळं १९१३ ची की १९१७ ची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणजे भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून आपण जो बघतो, तो कदाचित त्याची दुसरी आवृत्ती असेल.

इथे मला आपल्या स्टुडिओंची सवय आठवते. अल्बम प्रिंटला गेला, गिऱ्हाईक घेऊन गेलं, की लेयरवाली फाइल उडवायची आणि जेपीजी ठेवायची. कारण समजतं. बारा बाय छत्तीसची शीट ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलची होते, पूर्ण भरलेला एकेक लेयर मेमरीत साधारण ११७ एमबी खातो, आणि चाळीस शीटांनी हार्डडिस्क भरते. पण जेपीजी म्हणजे सगळे दगड एकदा छापून फोडून टाकणं. सात वर्षांनी घरचे येऊन सांगतात, त्या शीटवरचा आजीचा फोटो तेवढा वेगळा काढून द्या, आता त्या नाहीत. तेव्हा आजीच्या खांद्यावर फुलांची बॅकग्राउंड, चमकणारे तारे आणि अर्धं नाव कायमचं बसलेलं असतं. निदान मूळ फोटो आणि ज्यात माणसांचे कटआउट आहेत अशा शीटच्या पीएसडी वेगळ्या डिस्कवर टाका. बाकी बॅकग्राउंड परत डाउनलोड होतील.

उरलेल्या फिल्ममध्ये एक छोटा तुकडा असा आहे ज्यात फाळके स्वतः दिसतात. चित्रपट कसे तयार करतात हे प्रेक्षकांना दाखवण्यासाठी त्यांनीच केलेला. म्हणजे आपल्या भाषेत ट्युटोरियल, १९१७ सालचं. इंटरनेटवर सापडेल. त्यात ते नटांना शिकवताना दिसतात आणि फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना दिसतात. बघाल तेव्हा चेहऱ्याकडे कमी आणि बोटांकडे जास्त लक्ष द्या.